खोलीत माणसं : दोन

मंगळवारी संध्याकाळी कामावरून घरी आलो, ताईच्या शिवणाच्या खोलीच्या दारात उभा राहून सवयीनं एक टाळी वाजवली, आणि खोलीनं उत्तर दिलं. उत्तर म्हणजे फार काही नाही. टाळी संपल्यावर तिची एक बारीक शेपटी मागे राहिली, छताच्या कोपऱ्यात जराशी घुटमळली आणि विझली. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण मी गेली तीस वर्षं अशा शेपट्या मोजून पोट भरतो, आणि या खोलीला शेपटी नव्हती. आम्ही या घरात आलो त्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून कधीच नव्हती. ताईची खोली म्हणजे कापडाचे तागे, खुंट्यांना लटकवलेले अर्धवट कोट, कातरणांनी फुगलेली पोती. तिथे वाजवलेली टाळी वाळूत पाणी जिरावं तशी जिरून जायची. मी आणखी एक टाळी वाजवली. पुन्हा तेच. दिवा न लावता मी तसाच दारात उभा राहिलो, आणि पहिला विचार मनात आला तो खोलीचा नव्हताच. मला वाटलं, माझे कान गेले. वय झालं की काही जणांच्या कानात आवाज संपल्यावरही एक नाद मागे राहतो, हे मला पुस्तकी माहीत होतं. शेपटी खोलीत नसेल, माझ्या डोक्यात असेल.

त्या महिन्यात कान जाणं मला परवडण्यासारखं नव्हतं. आमची प्रयोगशाळा लहान, अठरा माणसांची. नाट्यगृहाच्या खुर्च्या, कचेऱ्यांची छतं, पडदे, फोम, जे कुणी आणून देईल ते किती आवाज पितं हे मोजून आम्ही तसा दाखला देतो. आमच्याकडे दोन खोल्या आहेत. एक नुसती गुळगुळीत सिमेंटची, तिच्यात शिंकलं तरी शिंक सात सेकंद फिरत राहते. तिला आम्ही बोलकी म्हणतो. दुसरीच्या भिंतींना, छताला, जमिनीच्या जाळीखालीसुद्धा फोमचे टोकदार सुळके लावलेले आहेत, तिच्यातून आवाजाचा कणही परत येत नाही; ती मुकी. ही प्रयोगशाळा एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली होती आणि प्रत्येकाच्या टेबलावर पत्र आलं होतं की वैद्यकीय तपासणीत पात्र ठरलेल्या कर्मचाऱ्यांना नव्या आस्थापनेत सामावून घेण्यात येईल. साहेबांनी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाले, "सामावून घेणार म्हणजे नक्की कसं वाटतं, ते स्पंजाला विचारू नका, पाण्याला विचारा." सगळे हसले. मीही हसलो, कारण सगळे हसत असताना मी हसतो. पण माझं वय चौपन्न, मला दुसरं काही येत नाही, आणि तपासणीत कानांची चाचणी होती. त्या दिवसापासून मी माझ्याच कानांवर पाळत ठेवून होतो. चमचा पडला की लक्ष, नळ ठिबकला की लक्ष. आणि आता ही शेपटी.

तेवढ्यात ताई आली. जिना चढून आल्यावर ती हल्ली दाराशी थोडी थांबायची, चौकटीला हात लावून. हातात रिकामी कापडी पिशवी होती. रिकामी पिशवी घेऊन माणूस बाहेरून घरी येतो म्हणजे भरलेली घेऊन गेलेला असतो, हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. मी ती पिशवी पाहिली. पाहिली एवढंच.

"अंधारात काय उभा आहेस, गप्पू? दिवे महाग झालेत का?"

"आत्ताच आलो."

"टाळ्या वाजवत होतास. खाली जिन्यात ऐकू आल्या."

मला विचारायचं होतं, ताई, या खोलीतून काही हलवलंस का? पाचसहा शब्दांचा प्रश्न. पण ती 'नाही' म्हणाली असती तर? मग खोली तशीच आहे आणि बदललो तो मी, हे पक्कं झालं असतं. प्रश्न जिभेवर आणून मी परत गिळला. दिवा लावून नजर टाकली असती तरी चाललं असतं, पण खोलीचा दिवा लावायला आत जावं लागतं, आणि आत गेलो नाही. ती स्वयंपाकघरात गेली, भांडी हलल्याचा आवाज आला, आणि मी त्या आवाजाच्या शेपट्या ऐकत बसलो.

गिळणं हा माझा जुना धंदा. गप्पू हे नाव तिनंच ठेवलेलं, मी चार वर्षांचा असताना. ती माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. लहानपणी आमच्या घरात एका खोलीत आई-वडील भांडायचे आणि दुसऱ्या खोलीत ताई मशीन चालवायची. भांडण चढलं की ताई मशीनचा वेग वाढवायची. तिला वाटायचं, टीप मारण्याच्या आवाजात ते शब्द मला ऐकू येणार नाहीत. यायचे. मग एक दिवस मी मशीनच्या खाली, तिच्या पायांशी, कातरणांच्या पोत्यात डोकं घातलं, आणि जग बंद झालं. वडिलांचा आवाज नुसता एक दाब होऊन उरला, त्यातले शब्द गेले. कापडाला खळीचा आणि मशीनच्या तेलाचा वास होता, गाल चुरचुरत होते. वर ताईचा पाय मशीनचं पायडल दाबत होता, तो हादरा तेवढा जमिनीतून यायचा. त्यानंतर कितीतरी संध्याकाळी मी त्या पोत्यात काढल्या. पुढे लोक विचारायचे, असला चमत्कारिक विषय कसा घेतलास शिकायला? मी काहीतरी सांगायचो. खरं तर मी त्या पोत्याबाहेर कधी आलोच नाही. आई गेली, मग वडील गेले, ताईनं लग्न केलं नाही, मीही केलं नाही. तिचं राहून गेलं माझ्या शिक्षणापायी, माझं राहून गेलं कुणाशी बोललो नाही म्हणून. दिवसभर कपडे न्यायला आणि मापं द्यायला येणाऱ्या बायका जे जे सांगून जायच्या ते सगळं ती मला रात्रीच्या जेवणात सांगायची. कुणाच्या सुनेनं काय केलं, कुणाच्या कोटाची बाही का उसवली. मी ऐकायचो. खरंच ऐकायचो, सगळं, आजही वीस वर्षांपूर्वीच्या बाहीचा रंग सांगू शकेन. पण ऐकून झाल्यावर माझ्याकडून तिच्याकडे परत काही जायचं नाही.

एकदा ती प्रयोगशाळा बघायला आली होती. घरच्यांना आणायचा एक दिवस असतो तसा होता. मी तिला मुक्या खोलीत नेलं आणि जड दार लावलं. लोक तिथे सुरुवातीला हसतात, मग आपलंच रक्त कानात वाहताना ऐकू यायला लागलं की गप्प होतात. ताई जाळीवर उभी राहून म्हणाली, "गप्पू?" आणि तो शब्द तिच्या ओठांपाशीच संपला. ती पुन्हा म्हणाली. मग इकडे-तिकडे पाहिलं आणि विचारलं, "मी बोलले ते कुठे गेलं?"

"फोमनं घेतलं."

"मग त्याचं तो काय करतो?"

"थोडीशी उष्णता होते. अगदी नगण्य. मोजता येण्यासारखी नाही."

"दार उघड," ती म्हणाली. बाहेर आल्यावर तिनं ओढणीनं कपाळ पुसलं आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि ताई एक शब्द बोलली नाही असं आयुष्यात दोनतीनदाच झालेलं आहे. रात्री ताट वाढताना म्हणाली, "ती खोली मला नवीन नाही रे." मला वाटलं ती पोत्याबद्दल बोलतेय. तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं.

रविवारी मी प्रयोगशाळेतलं लहान यंत्र घरी आणलं. कानांच्या डॉक्टरकडे जायचं धाडस नव्हतं. तिथे कागद तयार होतो आणि कागद फिरतात. यंत्राला वय नसतं. खोलीत एक फुगा फोडायचा, आणि त्याचा आवाज विझायला किती वेळ लागतो हे यंत्र सांगतं, इतकी साधी गोष्ट. या घरात आलो तेव्हा मी सगळ्या खोल्या अशाच मोजल्या होत्या आणि प्रत्येक दाराच्या चौकटीवर आतल्या बाजूनं पेन्सिलीनं आकडे लिहिले होते. आमची कामाची पद्धत अशी की नुसता आकडा लिहायचा नाही, तारीख लिहायची, आणि खोलीत माणसं किती होती ते लिहायचं, कारण माणूसही आवाज शोषतो, कपड्यांसकट जवळजवळ अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीइतका. ताईच्या चौकटीवर लिहिलं होतं: पॉइंट अठ्ठेचाळीस सेकंद. खोलीत माणसं: दोन. तेव्हा ती मशीनवर बसून काजं करत होती आणि फुगा फुटल्यावर दचकून मला म्हणाली होती, टाळ्यांनी भागलं नाही म्हणून आता स्फोट का? या रविवारीही मी तिला मशीनपाशी बसवलं, म्हणजे तुलना बरोबर होईल. मशीनवर काही शिवायला नव्हतं. ती हात मांडीवर ठेवून बसली.

"कुणाचा वाढदिवस?" तिनं फुग्याकडे बघत विचारलं.

"हलू नकोस."

फुगा फोडला. यंत्रानं आकडा दाखवला: पॉइंट एकसष्ट. नियमाप्रमाणे तीनदा केलं. एकसष्ट, साठ, एकसष्ट.

त्या क्षणी मला झालेला आनंद मी आता कुणाला सांगू शकत नाही, म्हणून इथे सांगतो. माझे कान शाबूत होते. मी बरोबर ऐकलं होतं. इतका बारीक फरक मी नुसत्या टाळीवर पकडला होता, तिथे नव्या कंपनीतल्या पोरांना यंत्राशिवाय दार कुठे आहे ते कळत नाही. मी चौकटीवर आकडा लिहिला, खोलीत माणसं: दोन, आणि तिथेच उभ्या उभ्या हिशेब मांडला. खोलीतून सुमारे तीन चौरस मीटर शोषण कमी झालं होतं. म्हणजे सहा माणसं उठून गेल्यासारखं. मी ताईला तसं म्हणालोही, अगदी उत्साहात, "सहा माणसं कमी झालीत इथून." ती माझ्याकडे बघत राहिली. खुंट्यांवर एकच कोट होता. तागे होते त्या फळीची मागची भिंत दिसत होती, तिच्यावरचा जुना डाग मी अकरा वर्षांत पहिल्यांदा पाहत होतो. पोती नव्हती. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी कान शाबूत असल्याच्या आनंदात यंत्राच्या वायरी गुंडाळत होतो. ती वाट बघत होती. आता मला माहीत आहे की ती वाट बघत होती, हात मांडीवर ठेवून. मी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.

मी विचारलं नाही. पुढच्या रविवारी गालिचा आणला. जाड, लोकरीचा, खाली रबराचा थर असलेला. किती आणायचा हे आकडेमोड करून आणला आणि अंथरल्यावर पुन्हा फुगा फोडला. पॉइंट एकोणपन्नास. ताईला म्हणालो, "झालं बघ, होती तशी झाली." ती काठावर उभी राहून पायाच्या बोटानं गालिचा दाबून पाहत होती. "चांगला आहे," ती म्हणाली. "मऊ आहे." मग थोड्या वेळानं, "गप्पू, तू खरंच हुशार आहेस रे." त्यातला टोमणा मला चार महिन्यांनी ऐकू आला.

जेवणात ती कमी बोलायला लागली होती, कारण गिऱ्हाइकं येत नव्हती. गिऱ्हाइकं का येत नाहीत हे मी विचारलं नाही. मी तपासणीची तयारी करत होतो. ती खायची मात्र, माझ्यासमोर बसून, नेहमीएवढं. ते अंगी लागत नव्हतं. पोटात गेलेलं शरीर घेतच नव्हतं, सगळं तसंच वाहून जात होतं. हे मला दिसायला हवं होतं असं कुणीही म्हणेल, आणि बरोबर म्हणेल. पण माझी बहीण शिवणारी आहे. माणूस वाळतो तेव्हा आधी कपडे सैल होतात, त्यावरून घरच्यांना कळतं. ताईचा एकही कपडा सैल झाला नाही. दर आठवड्याला ती स्वतःचे कपडे उसवायची, दोन्ही बाजूंनी सूतभर आत घ्यायची आणि पुन्हा टीप मारायची. इतक्या सफाईनं की खांद्याची रेघ तसूभरही हलली नाही. त्या दिवसांत घरात मशीन चालू असायचं ते फक्त एवढ्यासाठी. मी पलीकडच्या खोलीत पुस्तकात बुडालेला असायचो, आवाज ऐकायचो, आणि मला बरं वाटायचं, की ताईचं काम चालू आहे.

तपासणी झाली. कानांना काही झालेलं नव्हतं. महिन्याभरानं पत्र आलं, आपणांस सामावून घेण्यात आले आहे. मी ते घेऊन दुपारीच घरी आलो. ताई शिवणाच्या खोलीत खुर्चीत बसली होती. तिनं चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं, घडी घालून माझ्या खिशात ठेवलं आणि खिसा थोपटला. "सुटले," ती म्हणाली. सुटलास म्हणायचं असेल, असं मला वाटलं. मग ती उठली, साखर आणते तोंडात घालायला म्हणाली, आणि गालिच्याच्या काठाला पाय अडकून पडली. पडल्याचा आवाज आलाच नाही. तेवढा चांगला गालिचा होता. मी धावलो, काखेत हात घालून तिला उचललं, आणि माझे हात अंदाजापेक्षा कितीतरी वर गेले, इतकी ती हलकी होती. भरलेली समजून रिकामी बादली उचलावी तसं झालं. तिला मी जवळजवळ हवेत धरलं होतं. तिचा चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ होता, आणि माझा चेहरा बघून तिला कळलं की मला कळलं.

"खाली ठेव," ती म्हणाली. "मोजतोयस काय?"

आम्ही गालिच्यावरच बसलो.

"कधीपासून?"

"तुझं ते पहिलं पत्र यायच्या आधीपासून. पोटात गाठ आहे. आतड्याला धरून. आता काही करण्यासारखं नाही म्हणाले."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुझी तपासणी होती. तू आधीच चमचे पाडून ऐकत बसलेला. म्हटलं तुझं एकदा कायम होऊ दे, मग सांगू." ती गालिच्याची लोकर हातानं उलटसुलट करत होती. "आणि सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मी गालिच्याचा मुडपलेला काठ सरळ करायला लागलो.

"गालिचा आणला असतास," ती म्हणाली आणि हसली. मग हसताना पोटात दुखलं म्हणून थांबली.

"कापड कुठे गेलं, ताई?"

"ज्याचं त्याला. अर्धवट होतं ते पुरं करून दिलं. तागे दुसऱ्या शिवणारीला दिले. कोट वाटून टाकले." तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं. "माझ्यामागे तुला आवरत बसायला नको. तुला जमलं नसतं रे. तू एकेक कातरण हातात घेऊन बसला असतास. रोज एक पिशवी नेत होते. तुला कळावं म्हणूनच रोज एक, आणि कळू नये म्हणूनही. फुगा फोडलास त्या दिवशी वाटलं, आता विचारशील. सहा माणसं गेली म्हणालास. म्हटलं, आता तरी विचारेल, कोण गेलं."

मी रडलो का, हे मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की ती म्हणाली, "बोल ना काहीतरी," आणि मी तोंड उघडलं आणि त्यातून काही आलं नाही.

मग तिचा पलंग त्याच खोलीत आणला, कारण उजेड तिथे चांगला येतो. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "गालिचा काढ. तुझं पाऊल ऐकू येत नाही. एकदम समोर उभा राहतोस भुतासारखा." मी गालिचा गुंडाळून जिन्याखाली टाकला. मग ती दिवसभर पडल्या पडल्या घर ऐकायची. मी नळ सोडला, खुर्ची ओढली, की तिकडून सांगायची, नळ नीट बंद कर, खुर्ची उचलून ठेव. मी रजा घेतली होती. सामावून घेतल्यावर पहिल्याच महिन्यात. साहेबांनी फोनवर विचारलं, किती दिवस? मी म्हणालो, माहीत नाही. आणि मी बोलायला लागलो. सुरुवातीला जमेना. काय बोलायचं हेच कळेना. मग मी तिचंच तिला परत द्यायला लागलो. वीस वर्षांपूर्वीची बाही, त्या बाईची सून, कोटाला बटणं पाच लावायची की सहा यावरून झालेलं भांडण, तिनं जेवताना सांगितलेलं एकेक. ती डोळे मिटून ऐकायची. मध्येच दुरुस्त करायची, "हिरवी नव्हती, शेवाळी होती." एकदा म्हणाली, "हे सगळं होतं तुझ्याकडे?" मी म्हणालो, होतं. "मग मेल्या, इतकी वर्षं दडवून का ठेवलंस?" तिच्या आवाजात राग होता, खरा राग, आणि तो मला हवा होता.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तिनं यंत्र मागितलं. म्हणजे म्हणाली, "तुझा फुगा आण."

"कशाला?"

"माझं माप घे. आयुष्यभर लोकांची घेतली, माझं कुणी घेतलं नाही."

मी यंत्र लावलं. तिला दचकायला होऊ नये म्हणून फुगा फोडण्याआधी तीन म्हणेपर्यंत थांबलो. पॉइंट अठ्ठावन्न आला. पलंग, गादी, रजई आणि आम्ही दोघं. चौकटीवर लिहिलं, खोलीत माणसं: दोन.

"यात माझं किती?"

"असं नाही सांगता येत. तू नसतानाचा आकडा घ्यावा लागतो. मग दोन्हीतला फरक काढायचा."

"म्हणजे मी गेल्यावर कळेल."

"हो," मी म्हणालो. तीस वर्षांची सवय. प्रश्न बरोबर होता, म्हणून उत्तर दिलं. मग आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो आणि ती इतकी हसली की मला तिला पाणी पाजावं लागलं.

ती गेली ती सकाळी. मी स्वयंपाकघरातून तिला काहीतरी सांगत होतो, बहुतेक नव्या कंपनीच्या ओळखपत्राच्या पट्ट्याबद्दल, गळ्यात घालायचा तो. आणि तिकडून दुरुस्ती आली नाही. पुढचं सगळं रीतसर झालं, समोरच्या दारातल्या बाईनं मदत केली, माणसं आली आणि गेली. आवरायला खरंच काही नव्हतं. एक मशीन, एक कात्री, एक मोजपट्टी. तिचे कपडे मी कपाटातून काढले तेव्हा पाहिलं, प्रत्येकाच्या आतून टिपांच्या रेघा होत्या, एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी, झाडाच्या कापलेल्या बुंध्यात दिसतात तशा. मी त्या मोजल्या नाहीत.

पाचव्या दिवशी दुपारी मी यंत्र बाहेर काढलं. ती म्हणाली होती म्हणून. पलंग तिथेच, गादी तीच, रजई मी होती तशी ठेवली, मधून थोडी उंच. तिची जागा तेवढी रिकामी. मी ज्या जागी उभा होतो तिथेच उभा राहिलो, तीन म्हणेपर्यंत थांबलो आणि फुगा फोडला.

पॉइंट अठ्ठावन्न.

पुन्हा फोडला. अठ्ठावन्न. तिसऱ्यांदा अठ्ठावन्न. इतकं वाळलेलं एक माणूस, रजईखाली. यंत्राच्या चुकीएवढासुद्धा फरक पडत नाही. यंत्राच्या लेखी त्या खोलीतून काहीच गेलं नव्हतं. हे मला आधीच कळायला हवं होतं, मी दुसऱ्या कुणाला कागदावर करून दाखवलं असतं. यंत्र बरोबर होतं, माझे कानही बरोबर होते, दाखला मिळालेले. मी पेन्सिल घेतली, चौकटीवर तारीख लिहिली, खाली आकडा लिहिला. "ताई, शून्य आलं," मी मोठ्यानं म्हणालो. तिला किती हसू आलं असतं. माझा आवाज फळीमागच्या उघड्या भिंतीवर जाऊन परत आला आणि मी तो शेवटपर्यंत ऐकला. मग पुढची ओळ लिहायची होती, पद्धत आहे म्हणून. खोलीत माणसं, एवढं लिहिलं आणि थांबलो. पेन्सिलीचं टोक लाकडावर तसंच धरून बराच वेळ उभा होतो. शेवटी लिहिलं: एक.